वैद्याच्या हातातील भ्रमणध्वनी : उपयोग, मर्यादा व दक्षता

प्रस्तावना

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण विद्यार्थिदशेपासून पाठ केलेले आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत या चौघांच्या मध्ये एक पाचवी वस्तू येऊन बसली आहे. ती म्हणजे स्मार्टफोन. रुग्ण तो खिशात घेऊन येतो आणि वैद्याच्या मेजावरही तो ठेवलेला असतो. रुग्णाचा मुलगा पुण्याहून त्यावरच आईच्या प्रकृतीची चौकशी करतो, औषधी दुकानदार चिठ्ठीचे छायाचित्र त्यावरच मागतो, आणि या त्रैमासिकाचे संपादकही आता लेख त्यावरच मागवितात.

हा पाचवा पाद मानावा काय? प्रस्तुत लेखकाच्या मते नाही. ते भिषकाच्या हातातील एक उपकरण आहे. मात्र उपकरण म्हणून ठेवले नाही, तर ते हळूहळू उपस्थात्याचे, द्रव्य सुचविणाऱ्याचे आणि शेवटी भिषकाचेही काम आपल्याकडे घेते. गुरुकुंज मोझरीसारख्या ग्रामीण भागात व्यवसाय करताना आलेल्या अनुभवांच्या आधारे या उपकरणाचा विचार करण्याचे येथे योजिले आहे. त्यांतील एक अनुभव प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या चुकीचा आहे. तो सांगणे सुखाचे नाही, तथापि सांगणे आवश्यक वाटते.

अष्टविध परीक्षा आणि भ्रमणध्वनी

दूरस्थ चिकित्सेला आपल्या देशात रीतसर चौकट मिळाली ती २०२० मध्ये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी आली. त्यापाठोपाठ एप्रिलमध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी स्वतंत्र तत्त्वे दिली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत तिवसा तालुक्यातील खेड्यांतून येणारा रुग्ण घरातच अडकला होता, आणि अनेकांनी त्या वेळी प्रथमच दूरध्वनीवरून रुग्ण पाहिले.

'पाहिले' हा शब्द येथे तपासून घेतला पाहिजे. नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् व आकृती या आठ परीक्षांपैकी किती परीक्षा भ्रमणध्वनीतून होतात? शब्द ऐकू येतो. रुग्णाचा श्वास बोलताना तुटतो काय, आवाज घोगरा आहे काय, हे बऱ्यापैकी कळते. आकृती व दृक् चलचित्रातून दिसतात, परंतु प्रकाश पिवळा असला तर पांडू व कामला यांतील भेद करणे धोक्याचे ठरते. जिव्हेच्या छायाचित्राचेही तेच. कॅमेरा रंग आपल्या मनाने उजळ करतो, त्यामुळे साम जिव्हेवरील पांढरा थर कधी नाहीसा होतो, तर कधी नसलेला दिसू लागतो. मल व मूत्र प्रश्नांनी समजून घ्यावे लागतात, आणि वऱ्हाडातील वयस्क स्त्री नातवाच्या हातातील फोनवर या प्रश्नांची खरी उत्तरे देत नाही. नाडी आणि स्पर्श या दोन परीक्षा तर होतच नाहीत.

म्हणजे दूरध्वनीवर केलेली परीक्षा अर्ध्याहून कमी असते. हे ध्यानात ठेवले तर तिचा उपयोग होतो. ज्या रुग्णाची नाडी आपण पूर्वी पाहिली आहे, ज्याचे उदर स्वतः तपासले आहे, त्याचा पाठपुरावा दूरध्वनीवर उत्तम होतो. नवीन रुग्ण, नवीन वेदना, तीव्र ज्वर, गर्भिणी आणि बालक यांच्या बाबतीत मात्र ती परीक्षा अपुरी पडते. पुण्यास नोकरी करणाऱ्या येथील एका तरुणाने पोटदुखीसाठी एखादे चूर्ण फोनवर विचारले होते. वेदना नाभीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकल्याचे त्याने सांगताच त्याला चूर्ण न सांगता तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठविले. त्याच दिवशी त्याची आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. येथे फोनचा उपयोग औषध देण्यासाठी नव्हे, तर औषध न देण्याचा निर्णय वेळेवर होण्यासाठी झाला.

एक चूक आणि तिचा धडा

आता स्वतःच्या चुकीविषयी. पेरणीचे दिवस होते. सायंकाळी दवाखान्यात गर्दी होती आणि वीज गेलेली होती. जीर्ण कासाच्या एका रुग्णेने औषधाची चिठ्ठी हरविल्याचे कळविले. कोऱ्या कागदावर वासावलेह, मात्रा व अनुपान लिहून त्याचे छायाचित्र काढले आणि संदेशाच्या ॲपवर पाठवून दिले. दूरध्वनीत त्याच नावाच्या दोन स्त्रियांची नोंद होती. संदेश दुसरीला गेला.

ही दुसरी रुग्णा मधुमेही होती. वासावलेहात साखर असते, हे सांगणे वैद्यांना अनावश्यक आहे. तिच्या घरी मात्र ते कोणास ठाऊक असणार? नातवाने संदेश वाचून दाखविला, दुकानातून औषध आणले, आणि तिने ते दिवसातून दोन वेळा श्रद्धेने घेतले. अकराव्या दिवशी ती दवाखान्यात आली तेव्हा अशक्तपणा व बहुमूत्रता इतकी वाढली होती की बसवत नव्हते. रक्तशर्करा चारशेच्या वर होती. तिला त्याच दिवशी अमरावतीस पाठविले. ती बरी झाली, हे भाग्य. औषध का घेतले, असे विचारता ती म्हणाली, "डाक्टरसाहेब, तुमीच तं धाडलं व्हतं, म्हनून घेतलं."

या वाक्याचे उत्तर आजही सुचत नाही. तिचा आपल्यावरील विश्वास हा चिकित्सेतील रोगीपादाचा गुण होता, आणि दोष भिषकाचा होता.

या घटनेचा पुढे शांतपणे विचार केला तेव्हा चूक केवळ बोट चुकीच्या नावावर पडण्याची नव्हती, हे ध्यानात आले. बोट तर कोणाचेही चुकेल. खरी उणीव त्या कागदात होती. त्यावर रुग्णाचे नाव, वय, गाव, व्याधी वा दिनांक यांपैकी काहीही नव्हते. ३२ वर्षे वय, अमुक गाव, कास, एवढे लिहिलेले असते, तर सत्तरीच्या आजीसाठी वाचणाऱ्या त्या शाळकरी नातवालाही शंका आली असती. समोर बसलेल्या रुग्णाच्या हातात दिलेली चिठ्ठी चुकीच्या माणसाकडे जात नाही, म्हणून आपल्याला अपुऱ्या चिठ्ठीची सवय लागली आहे. भ्रमणध्वनीवरील चिठ्ठी मात्र कोठेही जाऊ शकते. तिने स्वतःची ओळख स्वतःच सांगितली पाहिजे. दूरस्थ चिकित्सेच्या नियमांत चिकित्सकाचा नोंदणी क्रमांक, रुग्णाची ओळख व नोंदींचे जतन यांवर जो भर आहे, त्याचे कारण या एका प्रसंगाने जितके समजले तितके ते नियम वाचून समजले नव्हते.

प्रकृती परीक्षणाचे ॲप

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी 'देश का प्रकृति परीक्षण' हे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, आणि पुढील महिन्याभरात ॲपच्या साहाय्याने एक कोटीहून अधिक नागरिकांचे प्रकृती परीक्षण झाले. विद्यार्थी, अध्यापक व व्यावसायिक वैद्य घरोघरी गेले. आयुर्वेदातील एक मूलभूत संकल्पना इतक्या लोकांपर्यंत एकाच वेळी पोहोचण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. त्यानंतर दवाखान्यात "माझी प्रकृती वातपित्त आहे" असे सांगत येणारे रुग्ण भेटू लागले. ही गोष्ट आनंदाचीच आहे.

तथापि प्रश्नावलीने प्रकृती ठरविताना वैद्याने एक भेद विसरू नये. प्रश्नावली ही रुग्णाच्या आजच्या उत्तरांवर चालते, तर प्रकृती ही जन्मापासूनची असते. झोप कशी लागते, या प्रश्नाला कापूस वेचणीच्या दिवसांतील शेतमजूर "पडल्याबरोबर" असे उत्तर देतो. ती कफप्रकृती नसून दिवसभराचा श्रम असतो. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी तोच मनुष्य झोप येत नसल्याचे सांगेल, म्हणून त्याची प्रकृती वातज झाली असे नाही. चैत्र-वैशाखात अमरावती-अकोल्याकडील पारा ४५ अंशांजवळ जातो तेव्हा कोणास अधिक घाम व तहान नसते? श्रम, चिंता व ऋतू यांनी आलेली विकृती बाजूला सारून तिच्याखालील प्रकृती ओळखणे हे वैद्याचे काम आहे. ॲपने दिलेले उत्तर ही त्या कामाची सुरुवात मानावी. आपल्याकडे असे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या रुग्णाला ते चुकीचे असल्याचे सांगून नाउमेद करू नये, आणि ते पाहून नाडीवरचा हातही काढू नये.

द्रव्यपरिचय : गुराखी आणि यंत्र

वनस्पतीचे पान कॅमेऱ्यासमोर धरताच नाव सांगणारी अनेक ॲप आज उपलब्ध आहेत. फ्रान्समधील प्लांटनेट २०१३ पासून प्रचारात आहे, तर गुगल लेन्स २०१७ मध्ये आले. विद्यार्थ्यांना घेऊन शिवारात जाताना त्यांचा उपयोग होतो. आपल्याकडचा तरोटा, बावची, धोत्रा अशी नित्याची झाडे ती सहज ओळखतात. अडचण येते ती जवळच्या जातींच्या बाबतीत. बहुधा गण बरोबर येतो, पण जाती चुकते. फूल व फळ नसलेल्या, नुसत्या पानांच्या वेलीच्या बाबतीत तर विशेषच चुकते.

गुळवेलीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महामारीच्या काळात लोकांनी गुळवेल स्वतःच तोडून, स्वतःच उकळून घेतली. मुंबईतील काही रुग्णांना यकृताचा विकार झाल्याचा वैद्यकीय अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही शास्त्रोक्त गुळवेल आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेदाकडे लक्ष वेधले. या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. मात्र वैद्याने एवढे निश्चित घ्यावे की, ॲपने 'टिनोस्पोरा' एवढे बरोबर सांगितले म्हणून काम भागत नाही.

चरकाचार्यांनी वनौषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना ठाऊक असतात, असे मान्य करून त्यांचा योग जाणणारा तोच खरा वैद्य, असे प्रतिपादिले आहे. आज नाव व रूप सांगणाऱ्यांत यंत्राची भर पडली आहे, इतकेच. योग जाणण्याची जबाबदारी होती तेथेच आहे. शिवाय गुराख्याला ते झाड पावसाळ्यात कसे दिसते, गुरे ते खातात की टाळतात, हेही ठाऊक असते. यंत्राला एक पान दिसते.

याच संदर्भात एक दक्षता सुचवावीशी वाटते. स्मार्टफोनने काढलेल्या छायाचित्रात स्थानाचे अक्षांश-रेखांश नोंदविले गेलेले असू शकतात. मेळघाटात सापडलेल्या सफेद मुसळीसारख्या वनस्पतीचे छायाचित्र उत्साहाने सर्वत्र प्रसारित केले, तर ते ओरबाडणाऱ्यांसाठी नकाशाही ठरू शकते. असे छायाचित्र पाठविण्यापूर्वी स्थानाची नोंद बंद करावी.

लेखन व प्रकाशन : अक्षरांची कथा

प्रस्तुत लेखकाचा पहिला लेख एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी हाताने लिहून एसटीने अमरावतीस गेला होता. तेथे तो संगणकावर जुळविला गेला. त्या काळातील मराठी फॉण्टमध्ये संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत असत, केवळ पडद्यावरील चित्र देवनागरीचे असे. तोच मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिवडा होई. म्हणूनच त्या काळातील कितीतरी उत्तम लेख आजही शोधून सापडत नाहीत. ते छापील अंकात आहेत, परंतु यंत्राच्या दृष्टीने ते मराठी नाहीतच.

युनिकोडने हा प्रश्न सोडविला. त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे मजकूर कोणत्याही यंत्रावर तोच राहतो व शोधता येतो. तरीही बारकावे आहेत. 'ॲप' या शब्दातील 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या सवयीने अनेक जण 'अ' वर चंद्र देऊन तो शब्द लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण काही शोधयंत्रांना ते दोन भिन्न शब्द वाटतात. आपल्या लेखातील द्रव्यनामे एकाच पद्धतीने लिहिणे हे म्हणूनच केवळ शुद्धलेखनाचे काम राहिलेले नाही. हरीतकी एकदा दीर्घ व एकदा ऱ्हस्व लिहिली, तर पुढील अभ्यासकाला अर्धाच लेख सापडेल.

२०१७ पासून गुगलच्या ध्वनिलेखनात मराठी आली, आणि बोलून लेख लिहिणे शक्य झाले. थकलेल्या बोटांना हा मोठाच आधार आहे. परंतु यंत्र लोकांच्या नित्य बोलण्यावरून शिकलेले असल्याने आपली परिभाषा त्याला परकी वाटते. 'वचा' म्हटले की 'वाचा' उमटते. अशी चूक हसण्यावारी नेता येते. परंतु 'अतिविषा' व 'विष' यांतील एक उपसर्ग गळाला तर ते हसण्यासारखे नाही.

यंत्रानुवादाच्या बाबतीत धोका अधिक आहे. कुष्ठ हे द्रव्यही आहे व व्याधीही. यंत्र व्याधीच घेते आणि कुष्ठचूर्णाचे महारोगाचे चूर्ण करून ठेवते. नागर म्हणजे आपल्याला सुंठ, यंत्राला शहरी मनुष्य. अमृता म्हणजे गुळवेल, यंत्राला कन्येचे नाव. सर्वांत गंभीर उदाहरण 'कनक' हे होय. कनकासवातील कनक म्हणजे धत्तूर, आणि अनुवादात त्याचे सोने होते. जेथे विषद्रव्य सुवर्ण ठरते, तेथे वैद्याने स्वतः वाचल्याशिवाय एक ओळही पुढे पाठवू नये.

असे असले तरी ऑनलाइन प्रकाशनाकडे पाठ फिरविणे परवडणारे नाही. १९९५ मध्ये हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे सादर केल्यावर ते १९९७ मध्ये रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले, आणि आपल्या ग्रंथांतील योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी व स्पॅनिश भाषांत पेटंट तपासणाऱ्यांसमोर ठेवले गेले. जे लिहिलेले आहे व शोधता येते, तेच आपले असल्याचे सिद्ध करता येते. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय चिकित्सा वारसा संस्थेने चरक, सुश्रुत व निघंटू ग्रंथ शोधता येतील अशा रूपात उपलब्ध करून दिले आहेत. एखादे द्रव्य संहितेत कोठे कोठे आले आहे, हे पाहण्यासाठी पूर्वी आठवडा लागे, आता काही क्षण लागतात. वाचलेला आठवडा चिंतनास द्यावा.

स्वामित्वहक्काचे भानही ठेवावे. मूळ संहिता सर्वांची आहे, आधुनिक अनुवाद व विवेचन मात्र लेखकाचे असते. आपल्या देशात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ज्यांच्या नावाने गुरुकुंज ओळखले जाते, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ मधील. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या वाङ्मयाचा हक्कदेखील २०२८ अखेरपर्यंत आहे. भक्तिभावाने किंवा ज्ञानप्रसारासाठी केले, तरी संपूर्ण ग्रंथ ऑनलाइन ठेवण्यापूर्वी अनुमती घेणे हाच सदाचार होय.

प्रसारित मजकुरात काय गळते?

२०२० मध्ये आयुष मंत्रालयाने काढा सुचविला. त्यात तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ व काळी मिरी १ असे प्रमाण होते. संदेश गावोगाव पोहोचला तेव्हा घटकांची नावे राहिली, प्रमाण गळाले. वऱ्हाडच्या भर ग्रीष्मात दिवसातून चार-पाच वेळा तिखट काढा पिऊन मुखपाक झालेले, घोळणा फुटलेले रुग्ण तेव्हा पाहावयास मिळाले. दोष काढ्याचा नव्हता. मात्रा, काल व पात्र या तीन गोष्टी प्रवासात गळून पडल्या होत्या.

दुधीभोपळ्याच्या रसाचेही तसेच. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस घेतल्याने एका वैज्ञानिकाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा रस मुळीच पिऊ नये, असा इशारा दिला. आपल्या शास्त्राला हे नवे नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात इक्ष्वाकू म्हणजे कडू भोपळा वामक द्रव्य म्हणून स्वतंत्र अध्यायात आला आहे. पथ्याचा दुधी व वमनाचा दुधी यांतील भेद आपल्या ग्रंथांत आहे, पण फिरणाऱ्या संदेशात नाही. तो तेथे घालणे आपले काम आहे.

नित्य पाळावयाचे नियम

स्वानुभवातून निश्चित केलेले व आज पाळले जाणारे काही नियम वैद्यबंधू-भगिनींच्या विचारार्थ पुढे ठेवीत आहे.

१. पाठविलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर रुग्णाचे पूर्ण नाव, वय, गाव, व्याधी, दिनांक व आपला नोंदणी क्रमांक असावा.

२. दूरध्वनीतील नोंदीत नावापुढे गाव व वय लिहावे. एकच नाव दोनदा ठेवू नये.

३. चिठ्ठी पाठविल्यावर रुग्णाने तिच्यावरील नाव उलट वाचून दाखवावे. यास अर्धा मिनिट लागतो.

४. मात्रा अंकी व अक्षरी अशी दोन्ही प्रकारे लिहावी. दशांश चिन्ह टाळून 'अर्धा', 'पाव' असे लिहावे.

५. ध्वनिलेखनाने सिद्ध झालेला मजकूर मोठ्याने वाचल्याशिवाय पाठवू नये.

६. रुग्णाच्या व्रणाचे वा अंगाचे छायाचित्र त्याच्या संमतीने, चेहरा वगळून घ्यावे, आणि काम होताच पुसावे. ते घरातील मुलांच्या हाती लागणाऱ्या फोनवर ठेवू नये.

७. हस्तलिखित रुग्णनोंदवही बंद करू नये.

शेवटच्या नियमाविषयी दोन शब्द. आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास गुरुकुंजात पुण्यतिथी महोत्सवाला प्रचंड जनसमुदाय लोटतो. त्या गर्दीत भ्रमणध्वनीची जोडणी मिळेनाशी होते. अशाच एका वर्षी भोवळ आलेल्या जुन्या रुग्णाला दवाखान्यात आणले गेले. ऑनलाइन साठविलेली त्याची माहिती उघडेना. तो रक्तदाबाची कोणती गोळी घेतो, हे शेवटी जाड पुठ्ठ्याच्या वहीत सापडले.

उपसंहार

आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती या चार परीक्षांनी सत्यासत्य जाणावे, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. भ्रमणध्वनी आप्तोपदेश जवळ आणतो, कारण संहिता हातात येते. प्रत्यक्षाला मात्र तो दूर नेतो. अनुमानाला तो साधने पुरवितो, आणि युक्ती मात्र तो करू शकत नाही. या मर्यादा ओळखून त्याचा अंगीकार केला, तर तो आपला उत्तम सेवक ठरेल.

ती वयस्क रुग्णा आजही औषधास येते. आता संदेश आला की तिचा नातू फोन करतो, नाव, गाव व वय वाचून दाखवितो, आणि हे आपल्याच आजीचे आहे ना, असे विचारतो. उपस्थात्याच्या गुणांत दक्षता सांगितली आहे, ती हीच. वैद्यबंधू-भगिनींनी आपापले अनुभव, विशेषतः चुकांचे, या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत. तद्विद्यसंभाषा यशाची जितकी व्हावी, तितकीच चुकांचीही व्हावी, अशी नम्र विनंती आहे.